‘गॉन’ म्हणजे नक्की कुठे गेला?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. मी मूळची मिरजेची. नर्सिंग तिथेच शिकले, नऊ वर्षं मेडिकल वॉर्डात काढली आणि आता आठ महिने झाले, इंग्लंडात ईस्ट मिडलंड्समधल्या एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. आयईएलटीएस रीतसर पास होऊन आलेय, ऐकणं-वाचणं-बोलणं तिन्हीत ७ बँड. तेव्हा ‘इंग्रजी सुधार’ एवढं सोडून काहीही सांगा.

अडचण एकाच क्रियापदाची आहे, आणि तेही पहिलीत पाठ केलेलं. ‘गो’.

पहिल्याच आठवड्यात सकाळी हँडओव्हरला सिस्टर म्हणाली, “बेड फोर्स गॉन.” माझ्या पोटात खड्डा. आदल्या दिवशी त्या आजोबांना मी स्वतः मोजे घालून दिले होते. मी खुर्चीतच बसले, डोळ्यांत पाणी. तर सगळ्या माझ्याकडे बघतायत. “होम, डक, गॉन होम!” (इथे सगळ्यांना ‘डक’ म्हणतात. सुरुवातीला वाटलं, माझ्या चालण्यावरून म्हणतायत.) त्या दिवशी धडा घेतला की इथे ‘गॉन’ म्हणजे बेड रिकामा झाला. मरणाचं काही नाही.

मग एका आजी म्हणाल्या, “आय हॅव गॉन राइट ऑफ मी टी.” (‘माय’ला इकडे ‘मी’ म्हणतात.) ‘गॉन ऑफ’ म्हणजे नासणं, हे मला ठाऊक होतं; दुधाच्या बाटलीवरून शिकले होते. मी त्यांचा चहा ओतून दिला आणि नवा करून आणला. आजींनी चहाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. ‘टी’ म्हणजे इकडे संध्याकाळचं जेवण, आणि त्यांची जेवणावरची वासना उडाली होती.

“बे टूचा पंप गोइंग ऑफ!” असं कुणी ओरडलं की मी सलाइनचा पंप बंद पडला म्हणून धावायची. तो ठणाणा वाजत असायचा. ‘हॅव यू बीन टुडे?’ म्हणजे आज शौचाला झाली का; ते न कळून मी एका पेशंटला साळसूदपणे विचारलंय, “बीन व्हेअर?” त्याला वाटलं मी त्याच्याकडून वदवून घेतेय. नर्स मीच असल्यामुळे तो प्रश्न खरं तर मी विचारायचा होता, त्याने मला नाही. तो बिचारा सकाळपासून कुणीतरी विचारावं म्हणून वाट बघत होता, म्हणून शेवटी स्वतःच म्हणाला होता, “तुम्ही ‘हॅव यू बीन’ नाही विचारणार?” ब्रिस्टल चार्टचे (शौचाच्या प्रकारांचा तक्ता) सातही प्रकार तोंडपाठ, आणि प्रश्नच कळला नाही!

इथवर हसण्यावारी नेलं. मागच्या महिन्यातलं नेता येत नाही.

रात्रपाळी होती. साइड रूममधले आजोबा पहाटे चारच्या सुमारास गेले. घरी फोन झाला होता, तो माझ्या सहकारी मुलीने केला. साडेपाचला त्यांची बायको आली, कोटाखाली नाइटगाउन तसाच. दारातच मला विचारलं, “हॅज ही गॉन?” मला वाटलं, फोनवर सगळं कळलंय आणि त्या विचारतायत की खाली शवागारात नेलं का. मी समजुतीच्या सुरात म्हटलं, “नो नो, ही इज स्टिल हिअर. साइड रूममध्येच आहेत.”

त्यांचा चेहरा उजळला. फोनवर त्यांना फक्त ‘लगेच या’ एवढंच सांगितलं होतं.

दारापासून साइड रूमपर्यंत वीसेक पावलं असतील. चौथ्या-पाचव्या पावलाला माझ्या लक्षात आलं. मग मी तिथेच थांबले आणि सांगितलं. कसं सांगितलं ते इथे लिहवत नाही.

आता गंमत बघा. मराठीत कुणी मला “गेले का हो?” असं विचारलं असतं तर मला क्षणात कळलं असतं. मग इंग्रजीत का नाही कळलं? मला यादी नकोय, यादी गूगलवर आहे. इथे मुरलेल्या लोकांनो, ऐकताना तुम्हाला कसं कळतं? काही धागा असतो का?

लेस्टरवाला_दादा

ताई, शेवटचं वाचून गलबलून आलं. तुमच्या मनात खोट नव्हती, एवढं आधी स्वतःला सांगा.

मी २२ वर्षं इथे बस चालवतोय. माझं शिक्षण बारावी नापास, तेव्हा धागाबिगा मास्तर लोक सांगतील. मी माझा मार खाल्लेला सांगतो. नवीन असताना शेजारच्या म्हातारीला दिवाळीचा फराळ घेऊन गेलो. ताट पुढे केलं तर म्हणते, “ऊऽ, गो ऑन देन.” मला वाटलं ‘निघ आता’ म्हणतेय. ताट घेऊन परत आलो! बायकोने विचारलं काय झालं, म्हटलं हाकललं. दोन दिवसांनी म्हातारीच दारात. “तू मला दाखवून परत का नेलंस?” ‘गो ऑन देन’ म्हणजे ‘बरं बाई, एवढा आग्रह करताय तर घेते’. आपल्याकडे पाहुणा दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा वाटी पुढे करतो ना, तेच. चकलीवर तिने ताव मारला.

बाकी बसमध्ये ऐकून ऐकून कळलेलं: ‘इट्स गॉन हाफ सेवन’ म्हणजे साडेसात वाजून गेले. पोरं मोबाइलवर बोलतात ‘सो शी गोज, अँड आय गो’, त्यात कुणी कुठे जात नाही, ती म्हणाली नि मी म्हणालो एवढंच. ‘हॅव अ गो’ म्हणजे करून बघ. पण ‘हॅड अ गो अ‍ॅट मी’ म्हणजे झापलं. ‘माय गो’ म्हणजे माझा डाव, पोरांच्या खेळात. आणि ‘ही वेंट स्पेअर’ म्हणजे भडकला. हे ‘स्पेअर’ कुठून आलं ते मला विचारू नका, मी बसचा स्पेअरच ओळखतो.

निवृत्त_मास्तर_करवीर

ताई, ‘मराठीत लगेच कळलं असतं’ हे तुमचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटलं. चाळीस वर्षं भाषा शिकवली, तेव्हा थोडं पाल्हाळ सोसा.

‘गो’चा भूतकाळ ‘वेंट’ का होतो? तो मुळी ‘गो’चा नाहीच. जुन्या इंग्रजीत ‘गो’ला भूतकाळी ‘इओडे’सारखं वेगळंच रूप होतं. ते मागे पडलं आणि ‘वेंड’ म्हणजे वळणे, या दुसऱ्याच क्रियापदाचं भूतकाळी रूप या घरात दत्तक आलं. आता मराठी बघा: जातो, जाईल, जा, पण गेला. ‘जा’ संस्कृत ‘या’ धातूचा, ‘गेला’ ‘गम्’च्या ‘गत’वरून आलेला. म्हणजे तेही दत्तकच! फ्रेंचात तर या एका क्रियापदात तीन घराणी नांदतात. सगळ्यांच्या तोंडी सतत असणारी क्रियापदं अशी ठिगळांची असतात, आणि त्यांच्यावरच अर्थांची सगळ्यांत जास्त पुटं चढतात.

धागा विचारलात. एक देतो, सगळीकडे पुरणार नाही. माणूस किंवा वस्तू आपल्या नेहमीच्या, ठाकठीक स्थितीपासून दूर सरली की इंग्रजी ‘गो’ वापरतं: गो मॅड, गो डेफ, गो बॅड. परत ठिकाणावर आली की ‘कम’: भूल देताना माणूस ‘गोज अंडर’, मग ‘कम्स राउंड’. आता मराठी म्हणून बघा. शुद्ध गेली, शुद्धीवर आला. तोल गेला. पोरगा वाया गेला, भानावर आला. काचेला तडा गेला. मिक्सर गेला. गुडघे गेले. तुमचा पेशंट ‘माय बॅक्स गॉन’ म्हणतो तेव्हा तो मिरजेच्या बाजारातलंच वाक्य बोलत असतो.

आणि दूध? ‘गॉन ऑफ’. आजींचं जेवणही ‘गॉन ऑफ’, फक्त सरलं कोण ते उलटं आहे. दूध आपल्या चवीपासून सरलं, आजी जेवणापासून सरल्या. कर्ता बघायचा, ताई. गजर मात्र या हिशेबात बसत नाही. तिथे तो दबलेल्या स्प्रिंगसारखा सुटतो, बंदुकीचा बार सुटावा तसा.

जाता जाता: इंग्रजीत ‘शी इज सिक्स मंथ्स गॉन’ म्हणजे सहा महिन्यांची गरोदर. आणि आपल्याकडे? दिवस गेलेत! दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच गोष्ट म्हणावी, याचं मला या वयातही नवल वाटतं.

लेस्टरवाला_दादा

मास्तर, ‘जाता जाता’ म्हणालात आणि गेला नाहीत 😄 आणखी येऊ द्या.

स्टेथोवाली

अगं कृष्णाकाठची, मी इथे तीस वर्षं म्हाताऱ्या माणसांची डॉक्टर होते. मास्तरांचा नियम छान आहे, पण वॉर्डात त्याला भोकं पडतात. ‘आय केम ओव्हर फनी’ म्हणजे एकदम कसंतरी झालं. इथे बिघाड आहे आणि ‘कम’ आहे. आपली चक्कर येते ना, तशी. आणि ‘द पेन्स गॉन’ ही चांगली बातमी. जाणारा कोण, दुखणं की माणूस, हेच दर वेळी बघावं लागतं. बाळंतिणीच्या वॉर्डात जाशील तर ‘माय वॉटर्स हॅव गॉन’ (पाणमोट फुटली) ऐकशील. तेव्हा मात्र व्याकरण सोड आणि मिडवाइफला हाक मार.

आता त्या पहाटेबद्दल. तुला इंग्रजी कमी पडलं नाही. ‘हॅज ही गॉन?’ला इथे जन्मलेली नर्सही तू दिलंस तेच उत्तर देऊ शकते, कारण खोलीतून नेलं का आणि जीव गेला का, हे दोन्ही अर्थ त्या वाक्यात जिवंत आहेत. म्हणूनच इथे वाईट बातमी सांगायचं शिक्षण देताना ‘गॉन’, ‘पास्ड’, ‘लॉस्ट’ टाळा आणि ‘डाइड’ म्हणा, असं शिकवतात. मला सुरुवातीला ते फार निर्दय वाटायचं. आपल्याकडे ‘मेला’ माणसाबद्दल कोण म्हणतं? ‘वारले’, ‘गेले’, फार तर ‘देवाघरी गेले’. ‘डाइड’चं मी मनातल्या मनात ‘मेला’ असं भाषांतर करत होते, तिथे चूक होती. ‘डाइड’ला ‘मेला’चा खरखरीतपणा नाही. तो ‘वारले’च्या जवळचा आहे.

आणि फोनवर काय सांगितलं गेलंय याची खात्री न करता दारात कुणाला भेटायचं नाही. ती चूक हँडओव्हरची, तुझ्या एकटीची नव्हे. वॉर्ड मॅनेजरला सांगितलंस का?

कृष्णाकाठची

हो ताई, सांगितलं. तिने चहा करून दिला (खरा चहा), आणि आता फोन कुणी केला, काय शब्द वापरले, हे कागदावर लिहायची पद्धत आमच्या वॉर्डात सुरू झालीय. त्या आजींनी नंतर कार्ड पाठवलं. त्यात माझं नाव लिहिलंय, स्पेलिंग चुकवून. तक्रार एका शब्दाची नाही. ते वाचून मला जास्तच रडू आलं.

‘डाइड’ आणि ‘वारले’चं तुम्ही सांगितलंत ते डोक्यात पक्कं बसलं. मी पण ‘मेला’च ऐकत होते, म्हणून तोंडातून निघत नव्हता.

मास्तर, तुमच्या नियमाने काल एक सोडवलं. एक काका म्हणाले, “मी हेड्स गॉन.” कर्ता डोकं, नेहमीच्या जागेवरून सरलं. मी डोकेदुखीची गोळी न आणता शेजारी बसले. त्यांना घरच्या कुत्र्याची काळजी लागली होती.

पण जाण्याचं सोडवता सोडवता येण्यात अडकलेय. आपण निघताना ‘जाते’ म्हणत नाही ना, ‘येते’ म्हणतो. आईने लहानपणापासून घोटून घेतलेलं. तर शिफ्ट संपली की मी सगळ्यांना हात करून म्हणायची, “ओके, आय विल कम.” परवा कळलं की बेड दोनच्या आजी दिवा चालू ठेवून साडेनऊपर्यंत माझी वाट बघत बसल्या होत्या. मग निघताना म्हणायचं काय?

लेस्टरवाला_दादा

“राइट, आय अ‍ॅम ऑफ.” सगळे तेच म्हणतात.

कृष्णाकाठची

दादा, ‘ऑफ’ म्हणजे नासलेलं ना?