घोडा फुकट मिळतोय, पण राजा उघडा पडतोय. घ्यावा का?

संथ_हत्ती
मंडळी, बुद्धिबळवाल्यांचा सल्ला हवाय. मी लिचेसवर (ऑनलाइन बुद्धिबळाची साइट) दहा मिनिटांचे डाव खेळते, रेटिंग ११००-१२०० च्या मध्ये घुटमळतंय. काळी मोहरी आली की दोन घोड्यांचा बचाव ही ओपनिंग (डावाची ठरलेली सुरुवात; यात पांढऱ्याचा उंट सी४वर आलेला असतो) खेळते आणि समोरचा हमखास घोडा जी५वर आणतो. पुढचं बऱ्याच जणांना पाठ असेल: मी डी५, तो प्याद्यानं प्यादं मारतो, मी घोड्यानं परत मारते, आणि त्याचा घोडा धाडकन एफ७वर. राजानं तो मारला की वजीर एफ३, शह. हिशेबानं मला एका प्याद्याच्या बदल्यात अख्खा घोडा मिळालेला असतो. पण राजा ई६वर, भर चौकात.

प्रश्न फक्त या ओपनिंगचा नाही. मोहरा जास्त आणि राजा उघडा, हे तोलायचं कसं? घोडा-उंट ३, हत्ती ५, वजीर ९ हे ठाऊक आहे. मग राजाच्या उघडेपणाचे किती वजा धरायचे? ‘खेळत राहा, अनुभवानं कळेल’ सोडून काहीही सांगा.

उंटावरचा_शहाणा
पाचव्या चालीला घोड्यानं डी५वरचं प्यादं मारूच नका. सी६वरचा घोडा ए५ला न्या, त्याच्या उंटावर. तो बी५वरून शह देईल, तुम्ही सी६, तो प्यादं मारेल, तुम्ही बी-प्याद्यानं परत मारा. तुमचं एक प्यादं कमी, पण त्याच्या उंटाला आणि घोड्याला दोघांनाही मागे फिरावं लागतं. तेवढ्यात तुमचे मोहरे बाहेर येतात आणि किल्लेकोटही होतो, म्हणजे राजा हत्तीच्या आडोशाला जातो.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर याच ओपनिंगमध्ये आहे. एका वाटेनं गेलात तर घोडा जास्त आणि राजा रस्त्यावर, दुसऱ्या वाटेनं प्यादं कमी आणि राजा घरात. मास्टर लोक शतकभराहून जास्त काळ दुसरी वाट धरत आलेत.

अडीच_घरं
+१. पण एफ७ची भानगड एकदा झालीच तर काय, तेही बघू. सात नंबरच्या चालीला राजा ई६वर का जातो? कारण डी५वरचा घोडा वाचवायचा असतो. राजा ई८ला परतला तर उंट डी५वरचा घोडा मारतो, तुम्ही उलट एक प्यादं कमी, वर वजीर एफ७ मातीची धमकी. जी८ला गेला तर त्याहून वाईट: उंटानं घोडा मारून शह, वजिरानं उंट मारलात तर त्याच्या वजिरानं तुमचा वजीर शहासकट, तुम्ही उंट ई६ला आडवा घालणार आणि वजीर तो मारून मात. म्हणजे जो घोडा ‘फुकट’ मिळाला, तो टिकवायला खुद्द राजानं पहाऱ्यावर उभं राहायचं. पांढऱ्यानं सी३वर घोडा आणला की डी५वर त्याचे तीन मोहरे तुटून पडलेले असतात, आणि तुमचा घोडा उंटाच्या रेषेत राजापुढे अडकलेला, हलता येत नाही.

आता वजा किती धरायचे? मी आकडा धरत नाही. राजाच्या आसपास त्याचे किती मोहरे पोचतात आणि माझे बचावाला किती, एवढंच मोजतो. वरच्या स्थितीत ए८ आणि एच८चे हत्ती, सी८ आणि एफ८चे उंट, सगळे मूळ घरात. कागदावर सोळा गुण, लढाईत शून्य. घरात चोर शिरल्यावर बँकेतली एफडी मोजत बसण्यातला प्रकार.

दुसरी गोष्ट, जास्तीचा मोहरा परत द्यायचा असतो. वेळेवर घोडा देऊन त्याचा हल्ल्यातला उंट काढला आणि वजिरावजिरी झाली तर अर्धा डाव वाचला. आपण घोडा घट्ट धरून बसतो आणि मात खातो.

प्याद्याचा_वजीर
मी जरा वेगळं बोलतो, रागावू नका. राजाची सुरक्षा, पुढाकार वगैरे ऐकून नवे खेळाडू वाट्टेल तिथे घोडे द्यायला लागतात. आपल्या रेटिंगला बहुतेक डाव कुणीतरी मोहरा फुकट सोडल्यामुळे संपतात. बळी घ्या, पुढचे दोन-तीन शह तपासा, मात दिसत नसेल तर खा आणि वजीर काढून टाका.

पॅरिसच्या ऑपेरातला १८५८चा डाव सगळ्यांनी पाहिलाय, अमेरिकन मास्टर मॉर्फी विरुद्ध ड्यूक ऑफ ब्रन्सविक आणि काउंट इसुआर. सतराव्या चालीला मात. तेव्हा मॉर्फीकडे प्याद्यांशिवाय फक्त एक हत्ती आणि एक उंट, समोर वजीर, हत्ती, उंट, घोडा. त्यातला एच८चा हत्ती आणि एफ८चा उंट पूर्ण डावात एकदाही हलले नाहीत. लोक हे सांगून टाळ्या घेतात. आठव्या चालीबद्दल मात्र कुणी बोलत नाही. मॉर्फी बी७चं प्यादं वजिरानं सरळ मारू शकत होता. काळा बी४वर वजिरानं शह देणार, वजिरावजिरी होणार, आणि पांढऱ्याकडे एक प्यादं जास्तीचं स्वच्छ एंडगेम. त्यानं ते सोडून घोडा सी३ केला. तो मॉर्फी होता, ठीक आहे. मी तुमच्या जागी बी७ मारेन आणि निवांत जिंकेन.

अडीच_घरं
@प्याद्याचा_वजीर, बी७ मारणं चुकीचं नाहीच, मीही मारेन. पण ते का चालतं ते बघा ना. प्यादं मिळतं *आणि* वजीर जातात, म्हणून. एफ७च्या डावात घोडा मिळतो आणि वजीर पटावरच राहतात. वजीर पटावर आहेत का, हा पहिला प्रश्न. मोहऱ्यांची मोजणी त्यानंतर.

संथ_हत्ती
हे पटलं. मी आजवर फक्त मिळालेले मोहरेच मोजत होते. सराव कसा करू? इंजिनविरुद्ध, म्हणजे संगणकाशी, खेळून काही उपयोग?

उंटावरचा_शहाणा
लिचेसवर कोड्यांचे विषय निवडता येतात. उघडा राजा आणि बचावाची चाल, हे दोन घ्या. दुसरा कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच जास्त कामाचा, कारण हल्ले करायला सगळ्यांनाच आवडतं. आपल्या हरलेल्या डावात नेमकी ती स्थिती उघडून तिथून पुढे इंजिनशी खेळता येतं. पण आधी पांढरी बाजू घ्या. हल्ला करणाऱ्याला काय काय हवं असतं ते कळलं की बचावात कुठला मोहरा मारायचा ते आपोआप दिसतं.

संथ_हत्ती
आणि मी घोडा ए५ला नेल्यावर तो बी५वरून शह न देता नुसतं डी३ खेळला तर? काल एकानं तसंच केलं.

उंटावरचा_शहाणा
घाबरायचं नाही. एच६ करून आधी घोड्याला हाकला, तो एफ३ला जाईल. लगेच ई४ ढकला, प्यादं पुन्हा त्याच घोड्याच्या अंगावर. तो बहुधा वजीर ई२ला आणेल. मग ए५च्या घोड्यानं सी४चा उंट मारा. तो प्याद्यानं परत मारेल. अजून एक प्यादं कमीच, पण त्याचा तो त्रासदायक उंट पटावरून गेला. आता उंट सी५ला काढा आणि किल्लेकोट करा. जास्तीचं प्यादं खुशाल ठेवू दे त्याला.