बातमीत जमात कशाला?
"आरोपीची जमात ही माहितीच, छापली तर बिघडलं कुठं?" असं एकानं विचारलंय. मग उच्चवर्णीय चोर सापडला की ही माहिती कुठं जाते? पारधी असला की मात्र थेट मथळ्यात 'पारधी टोळी'.

इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अशा अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. १९५२ ला तो शिक्का काढून त्या 'विमुक्त' झाल्या, पण आपल्या सोलापुरात त्यांना जिथं कुंपणात डांबायचे त्या वस्तीचं 'सेटलमेंट' हे नाव अजून तसंच आहे (मीही तेच म्हणतो, रिक्षावाल्याला दुसरं कळत नाही).

आणि १ जुलै २०१८ चं धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा विसरलात? व्हॉट्सॲपवर पोरं पळवणाऱ्या टोळीची अफवा फिरत होती. त्यावरून भिक्षा मागणारे भटक्या जमातीतले पाच डवरी गोसावी जमावानं ठेचून मारले. बहुतेक आपल्याच मंगळवेढ्याकडचे होते.