बोकडाच्या हृदयापासून केलेली बायोइंक ३७ अंशांवर गोठत नाही

प्रश्न (प्रश्नकर्ती, बडोदे)
नमस्कार. बडोद्यात पीएचडीचे काम करताना मी बोकडाच्या हृदयाच्या स्नायूपासून बायोइंक, म्हणजे पेशी मिसळून थ्रीडी प्रिंटरने ऊती छापण्याची शाई, तयार करीत आहे. खाटकाकडून सकाळीच बर्फात आणलेल्या हृदयाचे पातळ काप मी मूळ पेशी काढून टाकण्यासाठी १ टक्का एसडीएसमध्ये दोन दिवस आणि मग १ टक्का ट्रायटनमध्ये (दोन्ही साबणासारखी अपमार्जके) ठेवते, धुऊन फ्रीझ-ड्राय करते, दळते आणि ती पूड मिलिलिटरला १० मिलिग्रॅम या प्रमाणात ०.५ मोलर अॅसेटिक आम्लात पेप्सिन या प्रथिने तोडणाऱ्या विकरासह ७२ तास ढवळत ठेवते. नंतर सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ७.४ वर आणते. जानेवारीतील बॅच ३७ अंशांवर अर्ध्या तासात गोठली, म्हणजे तिचे जेल झाले. मे महिन्यातील, त्याच कृतीने केलेली, ताकासारखी पातळ राहिली आणि तिच्यात बारीक गुठळ्या दिसल्या. उरलेला डीएनए मिलिग्रॅममागे ५० नॅनोग्रॅमच्या खाली आहे. चूक कोठे झाली असावी?

उत्तर १
जानेवारी आणि मे या दोन शब्दांतच आपले उत्तर दडलेले असावे, असे मला वाटते. आम्लात विरघळलेला कोलॅजन (ऊतींना आधार देणारे तंतुमय प्रथिन) थंड असताना सुटा राहतो, आणि पीएच उदासीन होऊन तापमान वाढले की त्याचे रेणू आपोआप तंतूंमध्ये जुळतात. बडोद्याच्या मे महिन्यातील उकाड्यात टेबलावर अल्कली थेंब थेंब घातली, तर थेंब पडतो तेथे तंतू लगेच बनू लागतात आणि स्टरर ते मोडतो; असे मोडलेले तंतू पुन्हा जुळून एकसंध जाळे करीत नाहीत. गुठळ्या बहुधा त्याच. भांडे बर्फात ठेवावे, आणि अल्कली व दहापट तीव्रतेचे पीबीएस (क्षारांचे बफर) ही द्रावणेही आधी थंड करावीत.

मात्र मला जास्त शंका पेप्सिनच्या ७२ तासांची आहे. रात्री प्रयोगशाळेतील एसी बंद होत असेल, तर ते भांडे तासन्‌तास ३५ अंशांच्या आसपास राहते. आम्लातील कोलॅजनची तिहेरी वेटोळी त्या तापमानाच्या जवळच सैल होऊ लागतात, आणि उलगडलेली साखळी पेप्सिन कापत सुटते. उरते ते जिलेटिन, आणि ते ३७ अंशांवर गोठण्याऐवजी वितळते. एक साधी परीक्षा करून पाहा: थोडे द्रावण रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावे, ते तेथे गोठले आणि तळहातावर वितळले, तर निदान झाले.

उत्तर २
वरील मताशी सहमत आहे, पण एसडीएसही डोळ्यांआड करू नये. ते प्रथिनांना घट्ट चिकटते, तंतू जुळू देत नाही आणि पुढे पेशीही मारते. धुण्याचे शेवटचे पाणी बाटलीत हलवून पाहावे. फेस आला तर धुणे अपुरे. खात्रीसाठी मेथिलिन ब्लूची चाचणी करावी.

डीएनएविषयीही एक सांगतो. क्रापो, गिल्बर्ट व बॅडिलॅक यांनी २०११ मध्ये सुचवलेल्या निकषांत ५० नॅनोग्रॅमचा आकडा एकटा नाही. उरलेले डीएनएचे तुकडे २०० बेसजोड्यांहून (डीएनएच्या लांबीचे एकक) लहान असावेत आणि डॅपी किंवा हिमॅटॉक्सिलिन-इओसिन या रंगांच्या रंगवणीत पेशींची केंद्रके दिसू नयेत, अशीही अपेक्षा आहे. नुसत्या आकड्यावर विसंबणे मला धाडसाचे वाटते.

उत्तर ३
गोठले तरी ते जेल मऊच राहील, याची आधीच तयारी ठेवा. २०१४ मध्ये दक्षिण कोरियातील पोहांगच्या गटाने (फाल्गुनी पाटी आणि सहकारी) अशी बायोइंक छापली, तेव्हा चरबी व कूर्चा यांच्या रचनांना पॉलिकॅप्रोलॅक्टोन या प्लास्टिकची चौकट आधाराला दिली होती.

प्रश्नकर्ती
सर्वांचे आभार. फ्रीजमधील नमुना सकाळी गोठलेला होता आणि हातात घेताच वितळला. रात्री एसी खरोखरच बंद असतो, हे चौकशीअंती कळले. नवी बॅच २० अंशांच्या थंड वॉटर बाथमध्ये लावली आहे. पीएच या वेळी बर्फातच साधणार आहे, कारण जिलेटिनने गुठळ्यांचा उलगडा होत नाही. धुण्याच्या पाण्याला मात्र अजून थोडा फेस येतो, म्हणून पुढच्या कापांसाठी धुण्याचा एक दिवस वाढवीत आहे.