उन्हाळ्यात घरी माणसं जमली की फळांचं कोणतं पेय करता?

मेमध्ये गच्चीवर वीस-पंचवीस माणसं जमणार आहेत. बाटलीतलं रंगीत सरबत नको, ताज्या फळांचं काहीतरी करायचंय. अडचण एवढीच की पहिला ग्लास झकास लागतो आणि अर्ध्या तासात बर्फ वितळून पातेल्यात गोड पाणी उरतं. मोठ्यांसाठी दारूचं चालेल, मुलांसाठी वेगळं हवं. आपापले अनुभव सांगा.

पुण्याहून:
पाण्याचा बर्फ घालूच नका. कलिंगडाच्या फोडी बिया काढून आदल्या रात्री फ्रीजरमध्ये टाका आणि बर्फाऐवजी त्याच वापरा. वितळल्या तरी कलिंगडच वितळतं. चैत्रातल्या हळदीकुंकवाला आम्ही पन्ह्यातही पाणी आयत्या वेळी घालतो. उकडलेल्या कैरीचा गर, त्याच्या साधारण दुप्पट गूळ, वेलची, चिमूटभर मीठ, एवढं कालवून फ्रीजमध्ये ठेवायचं. मग लागेल तसं चमच्याने ग्लासात. मुलांना त्यावर सोडा आवडतो, सासूबाईंना माठातलं पाणीच लागतं. सोड्याच्या पन्ह्याला त्या पन्हं म्हणत नाहीत.

सावंतवाडीहून:
कलिंगडाचा रस नुसता मिळमिळीत लागतो. त्यात कोकमाचं आगळ, म्हणजे मीठ घालून काढलेला घट्ट रस, घाला, तांब्याभर रसाला दोन-तीन चमचे, वर भाजलेल्या जिऱ्याची पूड. आगळात मीठ असतंच, वेगळं घालू नका. दुकानात अमृत कोकमाची बाटली हाती आली तर ते साखरेचं असतं, त्याचं गणित वेगळं. शहरातले पाहुणे या दोन्हींत हमखास गोंधळतात.

नागपूरहून:
आमच्याकडे सगळे संत्र्याचंच विचारतात, पण मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी फुलोरा धरलेली, संत्री मार्चपर्यंत आटोपतात. मेच्या उन्हात बेलाचं सरबत आणि पन्हं. एक सूचना: फळांच्या पेयात दूध किंवा आइस्क्रीम घालणार असाल तर कच्चा अननस नको. त्यातलं ब्रोमेलेन नावाचं विकर (एन्झाइम) दुधातली प्रथिनं तोडतं आणि थोड्या वेळात सगळं कडू होतं. अननस साखरेत शिजवून घेतला किंवा डब्यातला वापरला की ही भानगड नाही.

पणजीहून:
मोठ्यांसाठी हुर्राक! काजूच्या बोंडांचा रस आंबवून पहिल्या धारेला निघते ती हुर्राक. तीच पुन्हा भट्टीवर चढवली की फेणी. फेणी चाळीस टक्क्यांच्या वर जाते, ही १५च्या आसपास, म्हणून दुपारी झेपते. ग्लासात लिंबू, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची, वर लिम्का. मिरची सोडू नका, काजूचा उग्र वास तीच सावरते. मुलांना नीरो द्या, बोंडांचा ताजा रस. मात्र सकाळी काढलेला दुपारपर्यंत संपवा, नाहीतर तोही आंबायला लागतो.

मेलबर्नहून:
आमचा उन्हाळा डिसेंबरात. तेव्हा इथे आंबे आणि चेरी एकदमच येतात. आंब्याचा रस, लिंबू, किसलेलं आलं, सोडा आणि वरून अख्ख्या चेरी. हापूसची सर नाही, पण सोड्यात हापूस घालायची माझी हिंमतही होणार नाही.

धागाकर्ता:
कलिंगड-आगळ नक्की, फोडी आजच गोठवतो. पणजीकर, हुर्राक पुण्यात मिळेल का?

पणजीहून:
हंगाम मार्च ते मे, आणि ती फार टिकत नाही. त्यापेक्षा तुम्हीच या. मिरची आमची.