मदत हवी आहे: लिंडबर्गच्या फायान्स ताटलीत मुरलेला डाग कसा काढू?

नमस्कार मंडळी,

चार वर्षं स्टॉकहोमला आहे. इथल्या जुन्या बाजारांत (इकडे 'लोपिस' म्हणतात) फिरता फिरता चिनीमातीचा नाद लागला. सुरुवात गुस्ताव्सबर्गच्या (स्टॉकहोमजवळचा चिनीमातीचा जुना कारखाना) 'बेर्शो' नक्षीच्या कपांनी झाली, तेच हिरव्या पानांचे, १९६१ ते १९७४ मधले. आता जीव जडलाय तो तिथलाच डिझायनर स्टिग लिंडबर्ग याच्या, हाताने रंगवलेल्या फायान्सवर (पांढऱ्या झिलईची मातीची भांडी).

मागच्या रविवारी एका आजींकडे पानाच्या आकाराची ताटली मिळाली. वीतभर लांब, कडा आत वळलेल्या, पांढऱ्यावर हिरव्या रेघा. उलटी केली तर बुडाला ब्रशने काढलेला हाताचा पंजा आणि 'जी', शेजारी रंगवणाऱ्याची बारीक खूण. गुस्ताव्सबर्गच्या स्टुडिओचीच ती! लिंडबर्ग आणि तिथलाच दुसरा कलाकार विल्हेल्म कोगे यांनी १९४२ मध्ये, ऐन युद्धात, असं रंगीत फायान्स स्टॉकहोमला प्रदर्शनात मांडलं होतं. माझ्या ताटलीत एक रेघ मध्येच जरा जाड झालीय. रंगवणाऱ्याचा हात तिथे क्षणभर थांबला असणार. मी रोज ती रेघ बघते.

अडचण अशी, की झिलईवर केसासारख्या भेगांचं जाळं आहे आणि एका बाजूला त्यात तपकिरी डाग मुरलाय, बहुतेक चहाचा. कोमट साबणपाण्याने तीनदा धुतली, काही फरक नाही. आजी म्हणाल्या, रात्रभर ब्लीचमध्ये ठेव. मला धीर होत नाही. रंग जातील का? कोणी केलंय का हे? डिसेंबरात पुण्याला येतेय, ताटली आईला द्यायची आहे.

प्रतिसाद:
ताई, ब्लीच अजिबात नको. फायान्सची माती सच्छिद्र. ब्लीच आत शिरतं, मागे क्षार राहतात, ते सुकताना फुगतात आणि झिलईचे पापुद्रे सुटतात. आधी डिस्टिल्ड पाण्यात दोन-तीन दिवस ठेवा, पाणी रोज बदला. तरीही राहिला तर ३ टक्क्यांच्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये भिजवलेला कापूस फक्त डागावर ठेवा आणि वरून प्लास्टिक झाका. नंतर पुन्हा साध्या डिस्टिल्ड पाण्यात ठेवून सावलीत आठवडाभर सुकू द्या. रंग झिलईत भाजलेले आहेत, त्यांची काळजी नको. एक मात्र, जुन्या झिलईत शिसं असू शकतं, खायला वापरू नका.

धागाकर्ती:
मनापासून आभार! शिशाचं बरं सांगितलंत. आईने पहिल्याच दिवशी त्यात लिंबाची फोड ठेवली असती. आज रात्रीच पाण्यात घालते, फोटो टाकेन.