बघून ‘कळतं’ म्हणजे नेमकं काय कळतं?

नळस्टॉपकर: एफसी रोडवर तासभर बसा, कोण गे आहे ते चालण्या-बोलण्यावरून कळतं. आणि हे हवेतलं नाही. २००८ साली रूल आणि अंबाडी या मानसशास्त्रज्ञांनी पुरुषांचे चेहरे जेमतेम ५० मिलिसेकंद दाखवले, तरी कोण गे आहे याचे लोकांचे अंदाज छापा-काट्यापेक्षा सरस ठरले. बोला आता.

पेठेतला आकडेमोड्या: बोलतो. असल्या प्रयोगांत गे आणि बाकीचे साधारण निम्मे-निम्मे ठेवतात, आणि बरोबर उत्तरं साठ टक्क्यांच्या आसपास येतात. रस्त्यावर निम्मे-निम्मे कुठे असतात? १००० माणसं घ्या, त्यांत ५० गे धरा (हिशेबापुरते). साठ टक्केवाली नजर त्यांतले ३० ओळखेल. उरलेल्या ९५० पैकी ३८० जणांवर मात्र फुकट शिक्का. एकूण शिक्के ४१०, खरे ३०. शंभरात सात!

नळस्टॉपकर: हे सरासरी माणसाचं झालं. ज्याला या गोष्टीचं वावडं असतं तो जास्त बारकाईने बघतो.

कर्वेरोडवाली: बारकाईने नाही हो, उतावीळपणे. ओळखण्याची क्षमता वेगळी, शिक्का मारायचा उंबरठा वेगळा. शंभरच्या शंभर फोटोंवर ‘गे’ लिहा, एकही गे सुटणार नाही. अक्कल शून्य. म्हणून बरोबर पकडलेल्यांसोबत चुकून पकडलेलेही मोजायचे असतात. १९४६ मध्ये ऑलपोर्ट आणि क्रेमर या मानसशास्त्रज्ञांना ज्यूद्वेष्टे विद्यार्थी ज्यू चेहरे जास्त ओळखतात असं दिसलं. पण ते मुळात जास्त फोटोंना ज्यू म्हणत होते. उलट, ‘आपल्याकडे असलं काही नसतं’ म्हणणाऱ्याचा उंबरठा इतका उंच की शेजारचाही दिसत नाही.

नळस्टॉपकर: आणि यंत्र? वांग आणि कोसिन्स्की या संशोधकांचा २०१८चा प्रयोग. पुरुषाच्या एका फोटोवरून कोण गे हे संगणकाने ८१ टक्के वेळा बरोबर सांगितलं.

पेठेतला आकडेमोड्या: एक गे, एक नाही, अशा जोडीतून निवडायचं होतं, पुन्हा निम्मे-निम्मेच. फोटोही डेटिंग साइटवरचे, स्वतः निवडून टाकलेले. चष्मा, दाढी, कॅमेरा वरून धरला की खालून, हे सगळं त्यांत येतं. खालून काढलेल्या सेल्फीत जबडा रुंद दिसतो, त्याला हाडाची ठेवण म्हणायचं?

कर्वेरोडवाली: आणि हे सगळे प्रयोग तिकडचे, अमेरिकेतले. लकडी पुलावरून गळ्यात हात टाकून चाललेले दोघे तिकडच्या नजरेला जोडपं वाटतील. इथे ते सबमिशन उरकून अमृततुल्यला निघालेले असतात.

नळस्टॉपकर: बरं, चेहऱ्याचं सोडतो. आवाजाचं सोडणार नाही.

पेठेतला आकडेमोड्या: नका सोडू. हजारातले पन्नास तेवढे धरून ठेवा.