फळमाशीच्या सापळ्यात तुळशीचं तेल चालेल का?

मंडळी, मदत हवी आहे. राजापूरकडे आमची हापूसची थोडी कलमं आहेत. एप्रिलचा आंबा बरा निघतो. मे सरताना वळीव पडला की फळमाशी सुरू. वरून फळ देखणं, सालीवर फक्त सुई टोचल्यागत बारीक डाग, आणि अढीत पिकल्यावर कापावं तर बाठ्यापर्यंत आळ्या.

गेल्या हंगामात मिथाइल युजेनॉलचे (माशीला वासाने ओढणारं रसायन) तयार सापळे टांगले. माशांनी भरले, पण फळात आळी होतीच. काकांचं म्हणणं, "ते औषध तुळशीतच असतं. दारात वृंदावन असताना पैसे कशाला घालवतोस?" दुसरे एक जण लवंगेचं तेल सुचवतात. खरं काय? आणि सापळा भरूनही आळी का?

प्रतिसाद १:
काका निम्मे बरोबर आहेत. लवंगेचं मात्र विसरा. तिच्यात मुख्यतः युजेनॉल असतं. मिथाइल युजेनॉल म्हणजे त्याच रेणूत हायड्रोजनच्या एका अणूऐवजी मिथाइल गट. फरक एवढाच, पण माशीला तो चोख कळतो. तुळशीचं झाडागणिक बदलतं, एकीत युजेनॉल जास्त तर दुसरीत मिथाइल युजेनॉल, आणि पान बघून ते ओळखता येत नाही. माशीलाच विचारा. मूठभर पानं चुरडून करवंटीत घाला आणि सकाळी कलमाखाली ठेवा. माशा जमल्या तर तुमची तुळस कामाची. तरी पानांचा वास लवकर उडतो. हंगामभरासाठी तयार ल्युअरच (सापळ्यातलं वासाचं आमिष) घ्या, काका रागावले तरी.

आळीचं कारण वेगळं. या वासाला येतो तो नर. अंडी घालते मादी, ती सापळ्याकडे फिरकतही नाही. दापोली विद्यापीठाचा 'रक्षक' सापळाही याच तत्त्वावर चालतो. नर आधीच संपले तर माद्या फळत नाहीत, म्हणून फळ निबर होण्याआधी सापळे हवेत. माशी दिसल्यावर टांगले की उशीर झालेला असतो. (सिट्रोनेला गवताच्या तेलातही मिथाइल युजेनॉल असतं, आणि त्या तेलाकडे नर माशा ओढल्या जातात, हे कीटकशास्त्रज्ञ हॉवलेट यांनी १९१२ साली नोंदवलं होतं. एवढा जुना शोध, आणि आपण अजून लवंग लावतोय!)

प्रतिसाद २:
पडलेले आंबे रोज उचलता का? आळी फळातून निघून मातीत कोष करते. तिथूनच पुढची माशी येते. सडकी फळं खोल खड्ड्यात पुरा, नुसती कुंपणापलीकडे टाकू नका.

मूळ प्रश्नकर्ता:
आभारी आहे. आमच्या बागेतले उचलतो हो, पण शेजारची बाग मुंबईकरांची. गेटला कुलूप, आणि खाली रायवळांचा सडा. त्यांना फोन लावून पाहतो. हो म्हणाले तर पुढच्या हंगामात त्यांच्या बागेतही दोन सापळे माझ्याच खर्चाने लावेन. काकांना अर्थातच हे सांगणार नाही.